चढत्या पाण्यात गळ नको



या वेळचा विषय पिकाचा नाही, पण शेतकऱ्याच्या घरचाच आहे. नदीकाठच्या एका तरुण वाचकाने पत्र पाठवून विचारले आहे की, ‘पावसाळ्यात नदी मासळीने भरलेली असते असे सगळे म्हणतात. मग मी भर पावसात तासन् तास गळ टाकून बसलो तरी काहीच का लागत नाही? आणि ओढ्यात उतरून काठीने मारणाऱ्यांना मात्र पाटीभर मासे मिळतात, हे कसे?’

प्रश्न मोठा चांगला आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर पावसाळ्याच्या तोंडाशी मासा काय करीत असतो हे आधी पाहिले पाहिजे.

वैशाख-ज्येष्ठात नदीची धार तुटते आणि मासे डोहाडोहांत अडकून पडतात. पाणी तापते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. वीस अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर तीस अंशांच्या पाण्यात साडेसात. आकडा लहान दिसतो, पण माशाला तो आपल्याला दमा लागावा तसा जाणवतो. अशा वेळी तो खोल सावलीत निपचित राहतो. मग मृगाच्या दोन-चार दणक्या सरी येतात. पाणी गार होते, गढूळ होते, वाहू लागते. पोटात अंडी पिकलेल्या माशाला एवढी खूण पुरते. तो प्रवाहाच्या उलट निघतो आणि नदीतून ओढ्यात, ओढ्यातून ओहोळात, तिथून भातखाचरात आणि बुडालेल्या गवतात शिरतो. हीच चढण. ठाणे-रायगडकडे याला वलगण म्हणतात.

आता वाचकाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळाले. चढणीच्या माशाचे लक्ष खाण्याकडे नसते. लग्नाच्या वरातीत निघालेल्या माणसाला रस्त्यात कुणी भाकरी दाखवली तर तो थोडाच थांबतो! त्यातून पाणी चहासारखे लाल, समोरचे आमिष दिसत नाही, आणि लोंढ्याला गळ एका जागी ठरत नाही. काठीवाल्यांना मासे मिळतात ते त्यांच्या कसबामुळे नव्हे. अंडी घालायला आलेला मासा घोटाभर पाण्यात सापडतो म्हणून मिळतात.

त्या पाटीभर माशांची किंमत किती असते? एक किलो वजनाच्या रोहूच्या मादीत दीड-दोन लाख अंडी असतात. ओढ्यातले मासे लहान, त्यांची अंडीही कमी. शिवाय सगळी अंडी काही जगत नाहीत. तरीपण पाटीत पडलेली प्रत्येक गाभोळीची मादी म्हणजे पुढच्या वर्षीची मासळी हे विसरू नये. मरळीचे तर आणखी वेगळे आहे. काठच्या पाणगवतात तिची पिले निघाली की तांबूस पुंजका पाण्याच्या वर वर फिरताना दिसतो आणि खाली नर-मादी राखणीला असतात. पिलांजवळ काही आले की ते अंगावर धावतात. नेमका याचा फायदा घेऊन काहीजण त्या पुंजक्यात बेडकी लावलेला गळ सोडतात. आईबाप गळाला लागले की इतर मासे दोन दिवसांत तो पुंजका फस्त करतात. मला ही मासेमारी पटत नाही, मग ती कुणी कितीही हौसेने सांगो.

गावतळ्यात सोडायला रोहू-कटल्याचे बीज मिळते, ते कारखान्यातल्यासारखे तयार करता येते म्हणून. हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्याच मेंदूजवळच्या ग्रंथीचा अर्क टोचून त्यांना अंडी घालायला लावले, आणि तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रे उभी राहिली. पण तुमच्या ओढ्यातल्या शिंगटीला आणि वामीला अशी सुई टोचायला कोणी येत नाही. त्यांची चढण हीच त्यांची बीजकेंद्रे.

ही अडचण आपल्याच नद्यांची आहे असे मात्र नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांत, स्टीलहेड नावाचा मासा आहे. आपल्या हिमाचलात आणि काश्मीरात गार पाण्यात पाळतात तो रेनबो ट्राउट आणि हा एकाच जातीचे. फरक इतकाच की स्टीलहेड नदीत जन्मतो, वाढायला समुद्रात जातो आणि अंडी घालायला पुन्हा नदी चढतो. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, त्यामुळे त्याचा मोठा हंगाम पाऊस, बर्फ आणि बोचऱ्या वाऱ्यातच येतो. हौशी लोक त्याला कोंबड्याच्या मानेची पिसे आणि दोरा हुकावर गुंडाळून केलेल्या खोट्या माशीने पकडतात. कमरेइतक्या गार पाण्यात उभे राहून हा उद्योग करायचा म्हणजे चिकाटीची शर्थ आहे.

पण हे हाडाचे गळवाले नदी चढत असताना सहसा पाण्याजवळ जात नाहीत. तिथल्या नद्यांवर सरकारी खात्याची पाणी मोजण्याची ठाणी आहेत आणि पातळीचे आकडे घरबसल्या मोबाईलवर दिसतात. आकडा चढता दिसला की गडी घरीच बसून नव्या माश्या बांधतो. पाऊस थांबून आकडा उतरू लागला, पाण्याचा चिखली रंग जाऊन हिरवट झाक आली आणि दोन-तीन फूट खोलवरचे दिसू लागले, की मग तो निघतो. पाणी फार गार असेल तर मासा सुस्त असतो, म्हणून माशी खोल आणि सावकाश फिरवायची. वारा आडवा असेल तर दोरी लांब फेकण्याचा हट्ट सोडून जवळच टाकायची. हवा वाईट असली की बळ वाढवण्यापेक्षा घाई कमी करायची, ही त्यांची रीत आपल्यालाही घेण्यासारखी आहे.

दुसरी रीत त्याहून महत्त्वाची. बीजकेंद्रात वाढवून सोडलेल्या स्टीलहेडचा पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर लहानपणीच कापलेला असतो. बहुतेक नद्यांवर असा पर कापलेला मासाच घरी नेता येतो. पर शाबूत असलेला, म्हणजे नदीतच जन्मलेला मासा परत सोडावा लागतो. इतकी काळजी का, तर धरणे, तोडलेली जंगले आणि पूर्वीची बेसुमार मासेमारी यांनी हा मासा फार कमी झाला. स्नेक नदीच्या खोऱ्यातला स्टीलहेड १९९७ साली धोक्यात आलेला म्हणून कायद्याच्या संरक्षणाखाली घ्यावा लागला. आपण त्या थराला जाण्याची वाट का पाहावी?

तेव्हा पत्रलेखक मित्रा, तू गळ टाकायला पाणी उतरण्याची वाट पाहा. मोठा पाऊस होऊन गेला, दोन-तीन दिवस उघडीप मिळाली, काठावरच्या गवतावर पुराची रेघ वर राहिली आणि पाणी तिच्या खाली आले, की दिवस चांगला समजावा. अंडी घालून परतलेला मासा या वेळी भुकेला असतो. तो जोराच्या धारेत राहत नाही. डोहाच्या तोंडाशी जिथे पळते पाणी संथ पाण्याला मिळते तिथे, मोठ्या दगडाच्या आडोशाला, नाहीतर ओढा नदीला मिळतो त्या कोपऱ्यात तो पाण्याबरोबर येणाऱ्या किड्यांची वाट पाहतो. पाणी थोडे गढूळ असेल तर गांडूळच लाव, त्याचा वास माशाला लांबून लागतो. निवळले की कणकेचा गोळाही चालेल. शिशाचे वजन गळ तळाशी हळूहळू सरकेल इतकेच असावे. कडक उन्हापेक्षा भुरभुर पावसाचा ढगाळ दिवस बरा, कारण मासा उथळात यायला भीत नाही.

मादीचे पोट फुगलेले दिसले, किंवा पोटावर हलका हात लागताच अंडी आली, तर तिला सोडून दे. हात आधी पाण्यात ओले कर. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग तिथे बुरशी धरते. गळाचा उलटा काटा पकडीने चेपून ठेवला तर सोडणे सोपे जाते. दोन मासे निसटतील, निसटू देत.

आता जिवाची गोष्ट. मी नोकरीला नवा होतो तेव्हा गावभेटीनंतर एका वयस्क शेतकऱ्याबरोबर नदीवर गळ घेऊन बसलो होतो. नदीच्या मधोमध एक पसरट कातळ, त्यावर आम्ही दोघे. आमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन, घाटमाथ्याकडे मात्र काळे ढग. तासाभराने म्हातारबांनी एकदम गळ गुंडाळला आणि म्हणाले, ‘सायेब, उठा.’ मी म्हटले, ‘आबा, जरा थांबा की, आत्ताच तर गळ हलला.’ त्यांनी बोट दाखवले. पाण्यावर वाळका पाला, काटक्या आणि फेस वाहत येत होता. एवढेच. पाणी वाढलेले मला तरी दिसत नव्हते. त्यांनी माझे मनगट धरून जवळजवळ ओढतच काठावर आणले. माझ्या चपला आणि पिशवी कातळावर राहिली. ती आणायला मी वळलो तर त्यांनी पुन्हा हात धरला. आम्ही बांधावर चढून विडी पेटेपर्यंत तो कातळ पाण्याखाली गेला. आज आबा नाहीत, पण नदीवर गेलो की पहिल्यांदा मी पाला पाहतो.

म्हणून चार गोष्टी पाळा. नदीच्या मधल्या खडकावर बसू नका. वर धरण असेल तर विसर्गाची सूचना गावच्या तलाठ्याकडून किंवा ग्रामपंचायतीकडून समजून घ्या आणि भोंगा वाजला की सामान सोडून निघा. पाला, फेस, पाण्याचा बदललेला रंग किंवा वाढलेला आवाज यांतले एक दिसले तरी पुरे. आणि गडगडाट ऐकू आला की गळाची काठी खाली ठेवून घर गाठा. मोकळ्या काठावर ओली उंच काठी धरून उभे राहणे म्हणजे विजेला आमंत्रण. हल्लीच्या कार्बनच्या काठ्या तर अधिकच वाईट. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचे दामिनी ॲप मोबाईलवर घेतले तर विजेची सूचना आधी मिळते.

तारेवर आकडा टाकून पाण्यात वीज सोडणारे आणि डोहात कीटकनाशक ओतणारे यांच्याशी मला वाद घालायचा नाही. पाण्यात विष किंवा स्फोटक टाकून मासे मारण्यावर १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे, आणि त्याच डोहाचे पाणी खालच्या वाडीची गुरे पितात.

एक काम मात्र गावाने मिळून करण्याजोगे आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे पावसाळ्याआधी काढायचे असतात. ते वेळेवर निघाले नाहीत तर चढणीचा मासा बंधाऱ्याखाली अडकून गोळा होतो आणि तिथेच मारला जातो. पाणीवाटप समितीच्या मे महिन्याच्या बैठकीत हा विषय घ्या. बर्गे वेळेवर निघाले तर पुराचे पाणी शेतात घुसण्याचा धोकाही कमी होतो, म्हणजे मासे न खाणाऱ्यांचाही त्यात फायदा आहे.

जाता जाता शेततळेवाल्यांसाठी. कुणी ट्राउटचे बीज विकायला आला तर घेऊ नका, तो गार डोंगरी पाण्याचा मासा आहे, आपल्या तळ्यात उन्हाळा काढणार नाही. आणि सलग ढगाळ हवेत रोहू-कटला पहाटे पाण्यावर तोंड काढू लागले तर त्या दिवशी खाद्य बंद ठेवा आणि पंपाने तळ्यातलेच पाणी उंचावरून परत तळ्यात पाडा.