पडद्याने गाण्यामागे चालावं

गेल्या गणेशोत्सवात टोरांटोजवळच्या एका शाळेच्या सभागृहात आमचा अभंगांचा कार्यक्रम झाला. प्रेक्षकांत भारतातून आलेले आजी-आजोबा होते, आम्ही होतो आणि इथेच जन्मलेली मुलं होती. मुलांना मराठी कळतं, पण अभंग पाठ नाहीत. म्हणून पडद्यावर ओळी दाखवायचं ठरलं, वर देवनागरी, खाली रोमन. काम माझ्याकडे आलं. मी घरी रेकॉर्डिंग लावून प्रत्येक ओळीला मिनिटं-सेकंद नेमून दिले आणि निर्धास्त झालो.

दुसऱ्याच अभंगात घोटाळा झाला. सगळे सोबत गाताहेत हे बघून गायिकेने ध्रुपद आणखी दोनदा घेतलं. भजनी ठेका आठ मात्रांचा. मिनिटाला 120 मात्रा धरल्या तर एक आवर्तन 4 सेकंदांचं; ध्रुपदाची दोन आवर्तनं, म्हणजे 16 सेकंद जास्तीचे गेले. तोवर पडदा पुढच्या कडव्यावर पोचला होता! आजी-आजोबा गातच राहिले, मुलं गप्प झाली. पुढच्या अभंगाला तर गायिकाच पडद्याकडे बघत आलाप आवरता घ्यायला लागली. ते मला जास्त लागलं.

आता समितीत सूचना आली आहे की यंदा सगळंच संगणकावर बसवू. वादकांच्या कानात क्लिक, त्याच घड्याळावर ओळी, दिवे आणि कीबोर्डचे आवाज मिडीने आपोआप बदलतील, चूक होणारच नाही. माझा विरोध यंत्राला नाही, या घड्याळाला आहे.

मिडी 1983 सालापासून आहे. त्यातून आवाज जात नाही, फक्त हुकूम जातात: हा स्वर वाजव, एवढ्या जोराने वाजव, आता बासरीचा आवाज लाव. हुकूम कधी द्यायचा, हे घड्याळावर सोपवायचं की माणसावर, ते आपण ठरवायचं. मुलांचा नाच रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर असेल तर घड्याळ उत्तम, कारण ते गाणं दर वेळी तेवढंच असतं. अभंग तसा नसतो.

योगायोग असा की त्याच 1983 च्या जानेवारीत आमच्या टोरांटोत कॅनेडियन ऑपेरा कंपनीने 'इलेक्ट्रा' या ऑपेराच्या वेळी रंगमंचाच्या वर भाषांतराच्या ओळी दाखवल्या. ऑपेरा तर सुरासुराने लिहून ठेवलेला! तरीही अशा ओळी बदलायला सहसा माणूसच बसतो, समोर स्वरलिपी ठेवून. मग आपल्या अभंगाला स्टॉपवॉच कशाला?

म्हणून मी वेगळा बेत मांडला आहे. गाणं जाणणारं कोणीतरी तबलजीशेजारी बसेल. पायाशी मिडी पेडल. एकदा दाबलं की पुढची ओळ येईल आणि कीबोर्डचा आवाजही बदलेल. ध्रुपदावर परतायला दुसरं पेडल, मग गायिकेने ते कितीदाही म्हणो. ओळी छापल्याप्रमाणे नाही, श्वासाप्रमाणे तोडायच्या. आणि नवी ओळ समेवर नाही, दोन मात्रा आधी आणायची, म्हणजे मुलांना वाचायला वेळ मिळतो. परतायची खूण तबलजी तिहाईने देतोच. ती ऐकू येणारा कान हवा.

माणूस चुकेल, मान्य. पण त्याची चूक पुढच्या ओळीला सुधारते. घड्याळ एकदा घसरलं की अभंग संपेपर्यंत घसरलेलंच राहतं.

तुमच्या मंडळातही हा वाद असेल, तर एक करून बघा: पेडल एखाद्या तरुण मुलाकडे किंवा मुलीकडे द्या. आमच्याकडे तबला शिकणारी एक पंधरा वर्षांची मुलगी तयार झाली आहे. तीन तालमी झाल्या. परवा लॅपटॉप मध्येच बंद पडला, आणि तो परत सुरू होईपर्यंत ती पुढची ओळ तोंडाने सांगत होती.