गुरुजींचा वर्ग गुरुजींनी पाहावा

साहेब शाळा पाहावयास येणार अशी वर्दी लागली की खेड्यातील शाळेचे रूप एका दिवसात पालटते. अंगण झाडले जाते, फळ्यावर सुविचार चढतो, हुशार पोरे पुढल्या रांगेत येतात. अडखळणारी पोरे त्या दिवशी शेतावर गेलेली बरी, असे गुरुजींसही वाटते. साहेब वह्या चाळतात, शेऱ्याच्या पुस्तकात दोन ओळी खरडतात आणि निघून जातात. यातून गुरुजी काय शिकले? पुढच्या खेपेस अंगण आणखी लवकर झाडावयास!

ही तक्रार आजची नव्हे. जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन केले, त्यात त्यांनी स्पष्ट बजावले होते की, डेप्युटी साहेबाच्या वर्षातील एका भेटीने शाळांचे फारसे हित होत नाही. निदान तीन महिन्यांस एकदा तरी शाळा पाहिली पाहिजे, शिवाय मधूनमधून वर्दी न देताही जावे. गुरुजी शेतकरी वर्गातले, रयतेत मिसळणारे व शिकून तयार झालेले असावेत, असेही त्यांचे मागणे होते. आज खानदेशात शेतकऱ्यांची मुले-मुली गुरुजी व बाई झाली आहेत. परंतु वर्ग मात्र अजून साहेबच पाहतो, शेजारगावचा गुरुजी पाहत नाही.

रावेर-यावलचा शेतकरी शेजाऱ्याच्या केळीच्या बागेत शिरतो, पाणी कसे दिले, खत कोणते घातले ते विचारतो. त्यात कोणास कमीपणा वाटत नाही. मग गुरुजींसच का वाटावा? जपानातील मास्तर एकोणिसाव्या शतकापासून हेच करीत आले आहेत. चौघे मिळून एक पाठ रचतात, एक जण शिकवितो, बाकीचे उभे राहून मुलांकडे पाहतात, आणि मग चिकित्सा होते ती पाठाची, मास्तराची नव्हे. अमेरिकेत जॉइस व शॉवर्स या दोघांनी 1980 च्या सुमारास दाखविले की, नुसत्या व्याख्यानांनी शिक्षकाच्या वर्गात फारसा फरक पडत नाही. सोबत्याची साथ मिळाली म्हणजे पडतो.

आमच्या भागास याची गरज विशेष आहे. येथील मूल डोळ्यास डोया म्हणते, मुलास आंडोर म्हणते. शिरपूर-चोपड्याच्या सातपुड्यात पावरी चालते, साक्रीकडे भिलांची बोली. असे मूल वर्गात गप्प बसले की ते मठ्ठ ठरते. शिकविणाऱ्याची पाठ मुलांकडे असते. मागे बसलेल्या सोबत्यास दिसते की, त्या पोरीने बरोबर उत्तर शेजारणीच्या कानात आपल्या बोलीत सांगितले, मोठ्याने म्हणाली नाही इतकेच. शेऱ्याच्या पुस्तकात ही गोष्ट कधी आली आहे काय?

अडचण आम्हास ठाऊक आहे. 2009 च्या कायद्याने 60 मुलांपर्यंत दोनच शिक्षक. एक जण दुसरीकडे वर्ग पाहावयास गेला तर त्याच्या इयत्तांनी काय करावे? वर निवडणुकीची व मोजणीची कामे आहेतच. पण केंद्राकेंद्रातून शिक्षण परिषद भरते, तेव्हा दहाएक शाळांचे शिक्षक एकत्र येतातच. तेथे भाषणे होतात, परिपत्रके वाचली जातात, चहा होतो. जळगाव व धुळे जिल्हा परिषदांनी त्याच दिवशी एका शाळेत खरी मुले बसवून खरा वर्ग भरवावा. 2020 च्या राष्ट्रीय धोरणात गुरुजींच्या स्वतःच्या शिक्षणास वर्षाला 50 तास सांगितले आहेत. हे तास त्यात धरावे, आणि प्रवासखर्च गुरुजींच्या खिशातून जाऊ नये.

एक अट मात्र पक्की हवी. सोबत्याने जे पाहिले ते गोपनीय अहवालात जाता कामा नये, व केंद्रप्रमुखाने त्या खोलीत वही उघडून बसू नये. आणि पहिला वर्ग केंद्रातील सर्वांत जुन्या, नावाजलेल्या गुरुजींनी दाखवावा; नवख्या शिक्षणसेवकास पुढे ढकलू नये.