अपघात म्हणजे दैव नव्हे



भातगिरणीच्या पट्ट्यात मजुराचा हात गेला की गाव म्हणते, "नशीब त्याचे!" धम्मदीक्षा घेतलेल्या आपणही तसेच म्हणावे काय? दुःखाला कारण असते व ते दूर करता येते, ही तथागतांची शिकवण. येथे कारण दैव नसून उघडा पट्टा आहे. त्यावर जाळी बसविली की हात वाचतो.

भंडारा जिल्ह्यात भातगिरण्या, पितळेच्या भट्ट्या व विड्यांचे काम यांवर कित्येकांची चूल पेटते. वितळत्या पितळेतील जस्ताच्या धुराने अंगात हीव भरते; तंबाखूच्या धुळीने छाती खराब होते.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून कामगारांच्या हक्कांचा पाया घातला. परंतु २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सुरक्षा संहितेनुसार सामान्य कारखान्यात ५०० कामगार असतील तरच सुरक्षा अधिकारी नेमणे सक्तीचे आहे. दहा मजुरांच्या गिरणीत तो कोठून येणार?

म्हणून प्रत्येक कामाच्या ठिकाणी आपल्यातीलच एकाने वा एकीने हे शिक्षण घ्यावे. यंत्र थांबविल्यावाचून हात घालू न देणे, प्रथमोपचार, अपघाताची तारीखवार नोंद आणि धोक्याची मालकास लेखी सूचना, एवढे तरी त्यात असावे. विहारांनी वर्ग भरवावेत. मालकांनी मजुरी न कापता सवड द्यावी. सुरक्षिततेची जबाबदारी मात्र मालकाचीच राहील.

भरपाईचा दावा आम्ही वकील लढवू; पण तुटलेला हात कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नाही.

जय भीम!