भीतीचंही औषध डॉक्टरांकडे मागा

घरात कुत्रं किंवा मांजर असलेल्या डोंबिवलीतल्या आणि आसपासच्या सगळ्यांना हे आवाहन आहे. दवाखान्याचं दार दिसताच ज्यांचं जनावर थरथरतं, गुरगुरतं, ओरबाडतं, आणि म्हणून ज्यांनी ‘आता फारच गरज पडली तर नेऊ’ असं ठरवून टाकलंय, त्यांना तर विशेष करून. तसं ठरवू नका. पुढच्या तपासणीआधी डॉक्टरांना फोन करा आणि विचारा : आमचं जनावर फार घाबरतं, घरून निघण्याआधी देता येईल असं भीती कमी करणारं औषध त्याला चालेल का?

एवढा एक प्रश्न मी आठ वर्षं विचारला नाही.

आमची मांजर सोनी चार महिन्यांची असताना घरी आली. पहिल्या लशी नीट झाल्या. दुसऱ्या वर्षी मी तिला भाजीच्या कापडी पिशवीत घालून, वरून गाठ मारून नेलं होतं. तेव्हा तेवढंच सुचलं. शेजारच्या बाकावरचा कुत्रा पिशवीवर भुंकला आणि टेबलावर काढेपर्यंत सोनीचं भान पुरतं सुटलं होतं. एकाने मानगूट धरली, एकाने मागचे पाय, मी टॉवेल दाबून धरला. सुई टोचून झाली. माझ्या हातावर तिने लघवी केली होती आणि तोंड उघडं टाकून ती धापा टाकत होती. मांजर तोंडाने श्वास घेऊ लागली तर ते साधं घाबरणं नसतं, तिथे थांबायला हवं, हे मला ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर दोन दिवस ती कपाटामागून बाहेर आली नाही. घरातले म्हणाले, पुन्हा हा छळ नको. मलाही ते पटलं, मायेपोटीच पटलं.

दहाव्या वर्षी ती पाणी जास्त पिऊ लागली. एप्रिल महिना, आम्हाला वाटलं उन्हाळा आहे. वजन उतरलं, आम्ही म्हटलं वय झालं. शेवटी खाणं सुटलं तेव्हा धावपळ केली. निघाला मूत्रपिंडाचा आजार. तो म्हाताऱ्या मांजरांत फार आढळतो, आणि रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडांचं निम्म्याहून बरंच जास्त काम बंद पडलेलं असतं. दरवर्षी तिचं वजन, रक्त, लघवी पाहिली गेली असती तर आहार बदलून, औषधं देऊन आणखी बराच काळ ती सुखात राहिली असती. छळ वाचवायला म्हणून आम्ही दवाखाना टाळला आणि आजाराला मोकळं रान दिलं.

या वेळचे डॉक्टर नवे होते. त्यांनी फोनवरच विचारलं, “घाबरते का?” मी मागचं सगळं सांगितलं. त्यांनी आधी मला एकटीला बोलावलं. वय, वजन, पाणी किती पिते, खोकला-धाप आहे का, हे विचारलं, मी मोबाईलवर काढलेला तिचा व्हिडिओ पाहिला आणि गॅबापेंटिन नावाच्या औषधाची चिठ्ठी दिली. हे औषध शरीराबाहेर मूत्रपिंडांतून जातं आणि त्यांना शंका तिथलीच होती, म्हणून मात्रा मुद्दाम कमी ठेवली. निघण्याआधी दोन-तीन तास, कॅप्सूल उघडून चमचाभर मऊ माशात कालवून द्यायचं. तेवढं मात्र सोनीने चाटून संपवलं. चाल जरा लटपटली, डोळे अर्धे मिटले. दवाखान्यात ती आपल्याच चादरीवर बसून राहिली. मागच्या पायातून रक्त काढलं तेव्हा तिने फक्त मान वळवून पाहिलं. कुणी मानगूट धरली नाही. मी टेबलाशेजारी उभी राहून रडले, कारण इतकं सोपं असेल असं कधी वाटलंच नव्हतं.

“हे औषध नवं निघालंय का?” मी विचारलं.

“नाही हो,” ते म्हणाले. “तुम्ही आठ वर्षं आलाच नाहीत. सांगणार कुणाला?”

गॅबापेंटिन मुळात माणसांच्या फिट्सवर आणि नसांच्या दुखण्यावर दिलं जातं. दवाखान्याला घाबरणाऱ्या २० मांजरांवर केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या नियतकालिकात आला. औषधाची एकच मात्रा दिल्यावर प्रवासात आणि तपासणीत मांजरांचा ताण कमी दिसला, आणि आठ तासांत गुंगी उतरली. त्याच जातीचं दुसरं औषध, प्रीगाबालिन, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये खास मांजरांच्या प्रवासाच्या आणि दवाखान्याच्या भीतीसाठी मंजूर केलं. कुत्र्यांसाठी डॉक्टर बरेचदा ट्रॅझोडोन निवडतात. ही नावं मी सांगते आहे ती एवढ्यासाठीच, की डॉक्टरांपुढे हा विषय काढताना तुम्हाला आपण काही विचित्र मागतोय असं वाटू नये. मेडिकलमध्ये जाऊन मागण्यासाठी ती मुळीच नाहीत.

आपल्याकडे अडतं ते ‘भूल’ या शब्दापाशी. गुंगीचं औषध म्हटलं की घरातली वडीलधारी माणसं लगेच म्हणतात, भूल देऊन मारायचंय का त्याला? त्यांची काळजी खोटी नाही, पण वेगवेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्यामुळे ती वाढते. घरून तोंडावाटे दिलेल्या औषधाने प्राणी जागा राहतो, हाक मारली की बघतो, फक्त भीतीची धार बोथट होते. दवाखान्यात इंजेक्शनने दिलेली गुंगी त्याहून खोल असते. ठणकणारा कान नीट तपासायचा, एक्स-रे काढायचा, तर ती लागते. ऑपरेशनची पूर्ण भूल ही त्याहून वेगळी. पहिल्या पायरीने भागलं तर पुढची लागत नाही, आणि खूप प्राण्यांचं पहिल्या पायरीवर भागतं. एक औषध लागू पडलं नाही म्हणून निराश होऊ नका. डॉक्टर मात्रा बदलतात, दुसरं औषध जोडतात. मात्र औषध आधी पोटात जायला हवं. टेबलावर झटापट सुरू झाल्यावर दिलेलं औषध तितकं काम करत नाही, कारण तोवर भीती अंगात भिनलेली असते.

भीतीमुळे तपासणीही बिघडते, हा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. घाबरलेल्या मांजरीची रक्तातली साखर इतकी वाढू शकते की नसलेल्या मधुमेहाची शंका यावी. रक्तदाब चढलेला दिसतो. घरी लंगडणारा कुत्रा दवाखान्यात भीतीच्या भरात चारही पाय टेकून चालतो आणि दुखतंय कुठे ते कळतच नाही. जबरदस्तीने दाबून धरून केलेल्या तपासणीचे पैसे आपण मोजतो, आणि हाती येतो तो भीतीचा अहवाल.

आता हात जोडून एक विनंती. स्वतःच्या मनाने काहीही देऊ नका. आजोबांच्या झोपेच्या गोळीचा तुकडा नको, शेजारच्या रॉकीला चाललेलं औषध नको, व्हॉट्सॲपवर आलेली मात्रा नको. माणसांच्या काही पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल असतं आणि कुत्र्यांना ते विषारी आहे. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं औषधही कॅप्सूलऐवजी बाटलीत मिळालं तर देण्याआधी त्यांना दाखवा. पॅरासिटामॉल तर मांजरीचा जीव घेतं. पग, बुलडॉग, पर्शियन अशा चपट्या नाकाच्या प्राण्यांना गुंगीत श्वासाचा त्रास होऊ शकतो. कोली जातीच्या काही कुत्र्यांना जनुकातल्या बदलामुळे काही औषधं भलतीच चढतात. हृदय, यकृत, गाभणपण, चालू असलेल्या गोळ्या, सगळं डॉक्टरांना सांगा. ॲसेप्रोमाझिन हे जुनं औषध एकट्याने दिलं तर अंग ढिलं पडतं, पण भीती आत तशीच राहू शकते. बाहेरून शांत दिसणारं जनावर आतून किंचाळत असेल, ही कल्पनाही सोसवत नाही. म्हणून डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा, या औषधाने भीती कमी होणार की नुसती हालचाल?

इंजेक्शनची गुंगी देणार असतील तर आणखी विचारा. उपाशी किती तास ठेवायचं? गुंगीत श्वास आणि ठोके कोण बघणार? ऑक्सिजन आहे का? या औषधाचा उतारा असतो का? चांगल्या डॉक्टरांना हे प्रश्न आवडतात. घरी आणल्यावर प्राणी पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत खाणं-पाणी पुढे ठेवू नका, कारण अर्धवट गुंगीत घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. आणि कृपा करून गॅलरीचं दार लावा. लटपटत्या पायांची मांजर सवयीने कठड्यावर उडी मारायला जाते, आणि आपण राहतो चौथ्या-पाचव्या मजल्यांवर.

प्रत्येकाला औषध लागतंच असं नाही, आणि औषध दिलं तरी बाकीची तयारी सुटत नाही. कॅरिअर माळ्यावर ठेवू नका. तो खोलीतच उघडा पडू द्या, आत जुनी साडी घाला, दुपारचा खाऊ तिथेच द्या. वरचं झाकण निघणारा घेतलात तर डॉक्टरांना मांजर आत बसलेली असतानाच तपासता येते. रिक्षात त्यावर कापड टाका. कुत्र्याला मुसक्याची सवय घरीच, खाऊ देत देत लावा, म्हणजे मुसकं ही शिक्षा वाटणार नाही. गर्दी नसलेली वेळ मागून घ्या, नंबर येईपर्यंत बाहेर थांबा. अवघड उपचारांसाठी परळच्या बैलघोडा हॉस्पिटलपर्यंत जाणारी माणसं आपल्यात आहेत. १८८३ पासून मुंबईची जनावरं तिथे येताहेत. डोंबिवलीहून तेवढा प्रवास करायचा तर निघण्याआधीच डॉक्टरांशी बोला, भीती वाटेतच सुरू होते.

ज्यांच्या घरी जनावर नाही त्यांनाही हे लागू आहे. दवाखान्यात नेणं अशक्य झालेल्या कुत्र्याची दरवर्षीची रेबीजची लस चुकते. तोच कुत्रा लिफ्टमध्ये, जिन्यात, मुलांच्या मधून फिरतो. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून भेदरलेल्या कुत्र्याला शांतपणे लस मिळणं ही सगळ्या सोसायटीची गरज आहे. एकदा कुणाला चावला की ‘चावरा’ म्हणून त्याला खाडीपलीकडे सोडून येण्याच्या गोष्टी निघतात. प्राण्याचे उपासमारीने हाल होतील अशा रीतीने त्याला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आणि त्यातले किती कुत्रे फक्त घाबरलेले होते, हे कुणी तपासलेलंही नसतं.

डॉक्टरांना आणि त्यांच्या मदतनिसांना माझी विनंती आहे. ओरखडे आणि चावे तुम्ही सोसता, हे आम्ही पाहतो. फोनवर वेळ देताना ‘घाबरतो का?’ एवढं विचारा. केसपेपरवर वजनाशेजारी भीतीचीही नोंद करा. तातडीचं नसेल तर झटापट थांबवा आणि औषध देऊन दुसऱ्या दिवशी बोलवा. ‘आज नको, परवा या’ असं म्हणालात तर आम्हाला राग येणार नाही. मेडिकलवाल्या दादांनो, चिठ्ठीशिवाय गुंगीची गोळी मागणाऱ्या प्राणिप्रेमीला प्रेमानेच परत पाठवा.

सोनी त्या तपासणीनंतर चौदा महिने आमच्यात होती. त्या काळात ती नऊ वेळा दवाखान्यात गेली. शेवटच्या तीन वेळा औषधही लागलं नाही, ती आपल्या पायांनी कॅरिअरमध्ये जाऊन बसली. तो कॅरिअर आता आमच्या सोसायटीच्या ऑफिसात ठेवला आहे, वरचं झाकण निघणारा आहे. आसपासच्या कुणालाही लागला तर रखवालदाराला सांगून घेऊन जा. साबणाने धुऊन दोन दिवस उन्हात ठेवलाय, म्हणजे दुसऱ्या मांजरीच्या वासाने तुमची बिथरणार नाही. आत मात्र तुमच्या घरचीच चादर घाला, न धुतलेली.

— डोंबिवली पूर्वेतली तुमची एक शेजारीण