शाळेच्या पंचांना कोण शिकविणार?

मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. त्याअन्वये शाळा व्यवस्थापन समितीत चारांत तीन सभासद पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात. शाळेच्या कारभारावर नजर ठेवणे, विकास आराखडा करणे, आलेला पैसा कोठे गेला हे पाहणे, ही या पंचांची कामे. ३१ ते १०० मुलांच्या शाळेस समग्र शिक्षा योजनेतून वर्षास २५,००० रुपये ठरलेले आहेत. हा आकडा नांदेड-लातूरकडील किती सभासदांस ठाऊक आहे? विचारून पाहा. उत्तर येईल, 'गुरुजींना माहीत.'

आम्हीही गुरुजीच. मुख्याध्यापक समितीचा सचिव. ठराव तोच लिहितो आणि वही घेऊन सहीसाठी बांधावर जातो. अशा सह्या आम्हीही घेतल्या आहेत. एकदा एका सुतारणीने विचारले, 'गुरुजी, यात काय लिवलंय?' वाचू लागलो, तो अर्ध्यावर आमची आम्हांसच लाज वाटली. जी बैठक झालीच नव्हती, तिचा वृत्तांत होता तो!

महसूल रयतेच्या घामाचा आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गास, हे गाऱ्हाणे जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मांडले होते. पुढे मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने स्कूल बोर्डे आली. आम्ही मराठवाड्याचे लोक १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली. शाळेच्या कारभारात बोलण्याची ती सवयही आम्हांस लागली नाही. मग नुसते कायद्याने सभासद करून काय होणार? शिकवायला नको काय?

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांस नफ्याचे २ टक्के लोककार्यास लावावे लागतात. त्या पैशावर चालणारे न्यास गावी येतात, शाळेच्या भिंतीवर आगगाडी रंगवितात, फोटो काढतात. रंग दोन पावसाळे टिकतो. या न्यासांस आमचे सांगणे आहे, की तोच पैसा पालक-सभासदांच्या शिक्षणास लावा.

मात्र तालुक्याच्या गावी भरदुपारी वर्ग नको. तेथे अध्यक्ष आणि मुख्याध्यापक जातात, चहा घेऊन येतात; ज्याचा रोज बुडतो तो येत नाही. वर्ग गावातच, रात्रीच्या जेवणानंतर, शाळेच्या ओसरीवर भरवा. दिवसाच घ्यायचा तर मजुरी द्या. कंधार-मुखेडकडील ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडण्याआधी आणि सोयाबीनच्या काढणीची घाई सुरू होण्याआधी, म्हणजे श्रावणातच, हे उरका. छापील पुस्तिका वाटू नका. त्याच शाळेची जमाखर्चाची वही उघडून एकेक रकम वाचून दाखवा. शिकविणारा आमच्या बोलीत बोलणारा असावा. आणि पहिल्या रात्री तरी आम्हा गुरुजींस बोलावू नका; आम्ही बसलेले असलो म्हणजे बायामाणसे तोंड उघडीत नाहीत.