विश्लेषण : ‘ऐपत आहे, मोठी गाडी घेतली’... एवढ्यावर प्रश्न संपतो का?

केंद्र सरकारने २२ सप्टेंबर २०२५पासून मोटारींवरील जीएसटी बदलला. चार मीटरपर्यंत लांबीच्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवर २८ टक्के कर आणि वर उपकर होता, तो १८ टक्के झाला. मोठ्या एसयूव्हींवर उपकर धरून ५० टक्क्यांपर्यंत जाणारा कर ४० टक्क्यांवर आला. म्हणजे लहान गाडीही स्वस्त झाली आणि मोठीही. ओढा मात्र कधीच ठरून गेला आहे. २०२४-२५मध्ये देशात विकल्या गेलेल्या सुमारे ४३ लाख प्रवासी वाहनांपैकी ६५ टक्के ‘युटिलिटी’ गटातील, म्हणजे एसयूव्ही आणि एमपीव्ही होती. कष्टाच्या पैशाने घेतलेल्या गाडीबद्दल जाब विचारलेला कोणालाच आवडत नाही. पण गाडीची किंमत आपण भरतो, धुराची नाही. म्हणून जाब विचारावा लागतो.

फरक नेमका किती?

साधा हिशेब करू. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, डिझेलचा सुमारे २.७ किलो. वर्षाला १० हजार किलोमीटर धावणारी लहान पेट्रोल गाडी लिटरला २० किलोमीटर देत असेल, तर ती ५०० लिटर पिते आणि साधारण १,१५० किलो कार्बन सोडते. तेवढ्याच अंतराला लिटरमागे ११ किलोमीटर देणारी दोन टनी डिझेल एसयूव्ही ९०० लिटरहून अधिक पिते आणि २,४०० किलोंच्या पुढे जाते. भारतातील दरडोई कार्बन उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास आहे. एका माणसाच्या अन्न, वीज, सिमेंट, प्रवास या सगळ्यांच्या सरासरी वाट्यापेक्षा जास्त धूर ही गाडी एकटीच सोडते.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने जगातील सर्व एसयूव्ही मिळून एक देश मानला, तर कार्बन उत्सर्जनात तो पाचवा लागेल.

मग प्रत्येक एसयूव्ही दोषी?

नाही. आपल्याकडे हा शब्द फार सैल वापरला जातो. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतील लहान इंजिनाच्या गाड्यांना करसवलत मिळाली आणि कंपन्यांनी मोजून-मापून तेवढ्यात बसणाऱ्या उंच गाड्या काढल्या. यातल्या बऱ्याच गाड्या मुळात उंच केलेल्या हॅचबॅकच आहेत. वजन हजार-बाराशे किलो. त्यांना दोन टनी फॉर्च्युनरच्या पंगतीत बसवणे अन्यायाचे होईल. नाव पाहू नये, वजन आणि मायलेज पाहावे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाडीत माणसे किती, ते पाहावे. सातारा-सांगलीकडचे वडाप आठवा. जीप जुनी, धूर काळा. पण आत दहा-बारा जण कोंबलेले. (सुरक्षेच्या नावाने ओरड करावी तेवढी थोडी, तो विषय वेगळा.) माणशी इंधन काढले, तर ते वडाप कोथरूडहून हिंजवडीला एकट्याला घेऊन जाणाऱ्या चकचकीत हॅचबॅकला मागे टाकते. आई-वडील, मुले, सामान घेऊन गावी जाणारी सात आसनी गाडीही या हिशेबात उत्तीर्ण होते. खटकते ती रोज एकट्यासाठी निघणारी दोन टनी गाडी. ती ७० किलोचा माणूस नेण्यासाठी दोन हजार किलो लोखंड हलवते.

आणि लहान गाडीवाल्यांनीही फार शेखी मिरवू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील शंभरपैकी साधारण आठच कुटुंबांकडे मोटार आहे. हे भांडण त्या आठांमधले. उरलेली ९२ एसटीच्या थांब्यावर, दुचाकीवर किंवा पायी आहेत आणि धूर त्यांच्याही छातीत जातो.

इलेक्ट्रिक घेतली तर सुटका?

शहरातल्या हवेपुरती, हो. पण देशातील सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशाची आहे. एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन धरला आणि जड इलेक्ट्रिक एसयूव्हीने शंभर किलोमीटरला १८ युनिट खाल्ले, तर वर्षाचा आकडा १,२६० किलो येतो. पेट्रोल शुद्ध करण्यातला धूर वरच्या हिशेबात धरलेला नाही, हे खरे. तरी ‘शून्य उत्सर्जन’ म्हणावे असे यात काही नाही. तरीही जीएसटी लहान इलेक्ट्रिक गाडीला पाच टक्के आणि अवाढव्य गाडीलाही पाचच. ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर सहा टक्के वाहन कर लावण्याचा प्रस्ताव राज्याच्या २०२५च्या अर्थसंकल्पात होता. मुख्यमंत्र्यांनी महिनाभरातच तो मागे घेतला.

सरकारचे नियम कोणत्या बाजूचे?

‘कॅफे’ नियमांनुसार प्रत्येक कंपनीच्या गाड्यांच्या सरासरी कार्बनवर मर्यादा असते. पण ही मर्यादा गाड्यांच्या सरासरी वजनाशी जोडलेली आहे. वजन जास्त, तर मर्यादा सैल! अमेरिकेने १९७५च्या कायद्यानंतर पिकअपसारख्या ‘हलक्या ट्रक’ना सवलतीचे मापदंड दिले आणि कंपन्यांनी त्याच दारातून एसयूव्ही घरोघरी नेल्या. ती चूक आपण निराळ्या मार्गाने गिरवत आहोत.

पॅरिसने वजनालाच हात घातला. फेब्रुवारी २०२४मध्ये तिथे मतदान झाले, १.६ टनांवरच्या पेट्रोल-डिझेल आणि हायब्रिड, तसेच दोन टनांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना पार्किंगसाठी तिप्पट दर लावावा, असा कौल सुमारे ५४ टक्क्यांनी दिला. शहराच्या मध्यभागी तासाला १८ युरो. मतदानाला आले सहा टक्क्यांहून कमी आणि स्थानिक रहिवाशांना आपल्या भागात सूट, म्हणजे भुर्दंड मुख्यतः बाहेरच्यांना. तेवढा दुटप्पीपणा मान्य करूनही, रस्त्यावरची जागा फुकट नाही हे तिथे ठरले. पुणे महापालिकेने २०१८मध्ये मंजूर केलेल्या पार्किंग धोरणात तर गाडीचे वजन हा मुद्दाही नव्हता. तेवढे साधे धोरणही वर्षानुवर्षे कागदावरच राहिले.