अर्धा फोन हातात, अर्धा हवेत

२३ सप्टेंबर २००८. न्यूयॉर्कमध्ये एका फोनचं लाँचिंग. टी-मोबाइल, एचटीसी आणि गुगलच्या साहेब लोकांची रीतसर भाषणं झाली आणि मग एन्ट्री झाली लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन या जोडीची. पायांत चक्क रोलरब्लेड्स! गुगलचे संस्थापकच ते, त्यांना कोण बोलणार? ब्रिननं या फोनसाठी स्वतः एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. फोन हवेत उडवायचा, झेलायचा आणि तो किती वेळ हवेत होता ते स्क्रीनवर बघायचं. बस्स! नवाकोरा फोन कोण हवेत भिरकावेल, हा आपला टिपिकल मध्यमवर्गीय प्रश्न. पण त्याला सांगायचं होतं ते वेगळंच. या फोनसाठी काय वाट्टेल ते बनवा, आम्ही विचारणार नाही.

फोनचं नाव टी-मोबाइल जी-वन, काही देशांत एचटीसी ड्रीम. दुकानात विकला गेलेला जगातला पहिला अँड्रॉइड फोन. २२ ऑक्टोबर २००८ ला तो अमेरिकेत आला. किंमत १७९ डॉलर, पण सोबत दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट.

माझा आतेदादा तेव्हा न्यू जर्सीत होता. २००९ च्या मे महिन्यात तो डोंबिवलीला आला तो हा फोन घेऊन. मी सहावी संपवून सातवीत जाणार होते. घरात सगळे नोकियावाले, त्यामुळे हे ध्यान बघून पहिल्यांदा हसूच आलं. चांगला १५८ ग्रॅमचा जाडजूड गडी, खालचा भाग हनुवटीसारखा पुढे आलेला आणि त्यात एक इवलासा ट्रॅकबॉल. पण स्क्रीन अंगठ्यानं ढकलली की ती सरळ न सरकता कमानीसारखी वळून वर जायची आणि खालून पाच ओळींचा कीबोर्ड! टक्‌! ‘दादा, एकदा दे ना’ म्हणत आम्ही पोरांनी त्याला दिवसभर पिडलं. ‘अगं हळू, खेळणं नाहीये ते!’ हे त्याचं पालुपद. आता खरं सांगायचं, तर होतं ते खेळणंच.

कारण फोन म्हणून बघाल, तर तो एकदम अर्धवट होता. कॅमेरा ३.२ मेगापिक्सेलचा, फ्लॅश नाही, व्हिडिओ नाही. हेडफोनचं साधं गोल भोक नाही. आपला इयरफोन लावायचा तर आधी अ‍ॅडॉप्टर जोडा. स्क्रीनवर कीबोर्ड उमटायचा नाही, म्हणजे ‘ओके’ एवढं लिहायलासुद्धा फोन आडवा करून ती कमान उघडायची. दोन बोटांनी फोटो मोठा करणं विसराच. अ‍ॅप्ससाठी आत जागा जेमतेम ७० एमबी आणि मेमरी कार्डावर अ‍ॅप टाकायची सोय नाही. आता आठवा नोकियाचा एन-९५. २००७ मध्ये आला होता, ५ मेगापिक्सेल कॅमेरा, झक्कास व्हिडिओ आणि हेडफोनचं भोकही! कागदावर मांडलं तर मॅच एकतर्फीच.

तरी एप्रिल २००९ पर्यंत एकट्या अमेरिकेत दहा लाख जी-वन खपले. कशाच्या जोरावर?

स्क्रीनच्या वरच्या पट्टीला बोट लावून खाली ओढा. मेल, मेसेज, मिस्ड कॉल, सगळे एका पडद्यावर ओळीनं हजर. आज तुमचं बोट न बघता तिथे जातं, मीटिंगमध्ये टेबलाखालीसुद्धा. हा पडदा जी-वनवर पहिल्या दिवसापासून होता. आयफोनवर तो यायला २०११ उजाडलं. मॅप्समध्ये स्ट्रीट व्ह्यू उघडून फोन हातात धरून गर्रकन फिरलात, की चित्रातला रस्ताही तुमच्याबरोबर फिरायचा, कारण आत होकायंत्र होतं.

पण माझ्या मते खरी भानगड आहे ती अपडेटची. नोव्हेंबर २००८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं, की जी-वनवर तुम्ही कुठेही काहीही टाइप करा, ते पडद्यामागे फोनला थेट हुकूम म्हणून जातंय! गप्पा मारता मारता ‘रीबूट’ असा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर दाबलं, की फोन खरोखर बंद होऊन पुन्हा सुरू. कसला भन्नाट घोळ! आपल्याकडे अशा वेळी सर्व्हिस सेंटरच्या बाकावर टोकन घेऊन बसावं लागलं असतं. इथे गुगलनं त्याच महिन्यात दुरुस्ती पाठवली, ती थेट हवेतून, फोनमध्ये. मग २००९ मध्ये तशाच हवेतून आलं अँड्रॉइड १.५, म्हणजे कपकेक. त्याच जुन्या फोनला व्हिडिओ आला, स्क्रीनवरचा कीबोर्ड आला. दुकानातून आणलेली वस्तू घरी बसून वाढायला लागली, लोणच्यासारखी मुरायला लागली म्हणा हवं तर.

आणि याचीच एक दुसरी बाजू आहे, जी तेव्हा कुणी फार मनावर घेतली नाही. जी-वन पहिल्यांदा सुरू केलात की तो आधी गुगल अकाउंट मागायचा. नाही दिलं तर पुढे जाऊच देणार नाही! त्याआधी फोनबुक सिमकार्डात असायचं, फार तर फोनच्या मेमरीत. आत्याचा नंबर, बॉसचा नंबर, एक्सचा नंबर, सगळं तुमच्या खिशात. जी-वननं ते अलगद उचलून गुगलच्या सर्व्हरवर नेलं. सोय झाली हे खरंच, फोन हरवला तरी नंबर शाबूत. पण फोन पैसे मोजून घेतला तुम्ही आणि दाराची किल्ली राहिली दुसऱ्याकडे.

आपल्याकडे जी-वन अधिकृतपणे आलाच नाही. आला त्याचा धाकटा भाऊ, कीबोर्ड नसलेला एचटीसी मॅजिक, २००९ च्या मध्यात, एअरटेलतर्फे, जवळपास तीस हजारांना. खाजगी कंपन्यांचं थ्रीजी २०१० च्या लिलावानंतरचं, त्यामुळे तीस हजारांचा फोन आणि बैलगाडीचं इंटरनेट. त्यात अँड्रॉइडमध्ये देवनागरी फॉन्टच नव्हता. मराठी मेल उघडला की नुसते चौकोन! हे दुखणं जायला २०११-१२ उजाडलं.

तिकडे जी-वनला गुगलची अपडेट्स १.६ वर येऊन थांबली. तेव्हा पुढे सरसावली हौशी प्रोग्रॅमर मंडळी. त्या ‘रीबूट’वाल्या घोळाचा फायदा घेऊनच त्यांनी फोनचं कुलूप उघडलं होतं. स्टीव्ह काँडिकच्या सायनोजेनमॉडनं २.२ सुद्धा या म्हाताऱ्यावर चालवून दाखवलं. ब्रिन म्हणाला होता ना, वाट्टेल ते बनवा?

२७ सप्टेंबर २०२१ पासून गुगलनं अँड्रॉइड २.३.७ आणि त्याआधीच्या फोनवर लॉगिन बंद केलं. कारण सुरक्षेचं, आणि ते पटण्यासारखं आहे. पण गंमत बघा, मूळ सॉफ्टवेअरचा जी-वन आज रीसेट केला तर तो पुन्हा अकाउंट मागणार आणि दिलेलं अकाउंट गुगल घेणार नाही. म्हणजे पहिल्याच स्क्रीनवर कायमचा मुक्काम.

दादाचा जी-वन अजून सुरू होतो. त्यानं नवी बॅटरी शोधून टाकली आहे आणि रीसेटच्या बटणाला कुणाला हात लावू देत नाही. त्यात आत्याच्या डोंबिवलीच्या घरचा लँडलाइन नंबर आहे. लाइन केव्हाच कापली.